जिनीव्हाची प्रश्नोत्तरे

इसवी सन 1541च्या नोव्हेंबरात जिनीव्हाच्या नगरसभेने धर्मसंस्थेच्या कारभारासंबंधी जे नियम मंजूर केले, त्यांत थोरामोठ्यांच्या आचारावर नजर ठेवणाऱ्या कंसिस्टरी नावाच्या न्यायमंडळाची तजवीज जशी होती, तसेच लहान मुलांविषयीही एक कलम होते. दर रविवारी दुपारी बारा वाजता आईबापांनी आपली मुले सेंट पिएर, माग्दलेन आणि सेंट जेर्व्हे या तीन चर्चांत धर्मशिक्षणासाठी आणून बसवावीत, असा त्या कलमाचा हुकूम होता. या वर्गांकरिता धर्मसुधारक झाँ कॅल्व्हिनने स्वतः प्रश्नोत्तरांची एक पोथी रचली. तीत 373 प्रश्न असून ते वर्षभराच्या रविवारांवर वाटून दिलेले होते. धर्मोपदेशकाने विचारावे आणि बालकाने सांगावे अशी तिची रचना होती; मात्र प्रश्न जसा कॅल्व्हिनचा, तसे बालकाच्या नावापुढे छापलेले उत्तरही कॅल्व्हिनचेच. दिवेलागणीला हात जोडून परवचा म्हणत ज्यांचे बालपण गेले त्या मराठी वाचकांस या वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास फारसे सायास पडू नयेत.

लहान मुलाला बरेवाईट कसे कळू लागते, वयाच्या कोणत्या पायरीवर तो अपराध कशाला म्हणतो आणि न्याय कशाला म्हणतो, या विषयाचा पद्धतशीर शोध पुढे याच शहरात लागावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना उभे करून प्रश्न विचारले, त्याच शहरात एके काळी काही माणसांना असे वाटले की, मुलाच्या तोंडून आपलेच उत्तर वदवून घेण्यापेक्षा त्याचे स्वतःचे उत्तर काय आहे ते एकदा ऐकून तरी घ्यावे. या पालटाला जवळजवळ चारशे वर्षे लागली, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

कॅल्व्हिनच्या पोथीविषयी आज अनादराने बोलणे सोपे आहे. परंतु न्यायाने पाहू गेल्यास तिच्या पाठीमागे मुलाविषयीचा एक प्रकारचा आदरही होता, हे मान्य करावे लागते. 1536च्या मे महिन्यात जिनीव्हाच्या नागरिकांनी नवा धर्ममार्ग स्वीकारण्याचा ठराव केला, त्याच सभेत प्रत्येकाने आपली मुले शाळेत धाडलीच पाहिजेत आणि गरिबांच्या मुलांना विनामूल्य शिकविले पाहिजे, असेही ठरले. मुलगा आपल्या श्रद्धेचा जबाब स्वतः देऊ शकतो, बापाने किंवा धर्मगुरूने त्याच्या वतीने तो देऊन भागत नाही, हा विचार त्या काळी लहान नव्हता. उणीव होती ती एवढीच की, तो जबाब आधीच लिहून ठेवलेला होता. मुलाला जे वाटे आणि मुलगा जे बोले त्यांत अंतर पडले, तर ते मोजण्याचे साधन त्या वर्गात कोणापाशीच नव्हते.

हे अंतर ज्याने प्रथम सांगितले तो जिनीव्हाचाच एका घड्याळजीचा मुलगा होता. झाँ-झाक रूसो 1712च्या जूनमध्ये येथे जन्मला. दहाएक वर्षांचा असताना, शहराबाहेरील बोसे या गावी लांबेर्सिए नावाच्या पाद्र्याच्या घरी, मामेभावाबरोबर त्याला शिक्षणासाठी ठेवण्यात आले होते. एके दिवशी मोलकरणीने पाद्र्याच्या बहिणीच्या फण्या वाळत ठेवल्या, आणि त्यांतील एका फणीचे दात मोडलेले आढळले. शेजारच्या खोलीत धडा पाठ करीत बसलेल्या झाँ-झाकखेरीज तेथे कोणी नव्हते. तेव्हा संशय त्याच्यावर आला. त्याने साफ नाकारले, आणि नाकारणे हा मूळ अपराधाहून मोठा अपराध ठरला. मामाला बोलावणे धाडण्यात आले, मार बसला, पुन्हा विचारण्यात आले, पुन्हा नकार आला. ज्यांच्या न्यायबुद्धीवर त्याचा तोपर्यंत पूर्ण विश्वास होता तीच प्रेमळ माणसे चुकू शकतात, आणि चुकूनही शिक्षा देऊ शकतात, हे त्या मुलाला त्या दिवशी उमगले. कित्येक दशकांनी आत्मचरित्रात ही गोष्ट लिहीत असता आपली नाडी अजूनही जोराने चालते आहे, असे तो नमूद करतो. साक्षीपुरावा सगळा मुलाच्या विरुद्ध असता निरपराध मुलाच्या मनात काय चालते याचे इतके जवळून घेतलेले दर्शन त्याच्या आधी कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या अनुभवाला ‘एमिल’ या त्याच्या ग्रंथात विचाराचे रूप आले. मुलाला नीतीचा उपदेश करणाऱ्या गुरूचा एक संवाद त्याने त्यात रचला आहे. गुरू म्हणतो, हे वाईट आहे. मुलगा विचारतो, का. आणि उत्तरे देता देता गुरू फिरून जेथून निघाला तेथेच येऊन पोहोचतो. याच्या उलट, मालकी म्हणजे काय हे एमिलला कळावे म्हणून रूसो त्याला एका बागेत घेवड्याचे बी पेरावयास लावतो. रोप वर येते, मुलगा हरखतो, आणि एके सकाळी माळ्याने ते सर्व उपटून टाकलेले त्याला दिसते. मुलगा फिर्याद घेऊन जातो तेव्हा उलट माळ्याचीच फिर्याद निघते की, येथे मी आधी खरबुजे लावली होती, ती तुम्ही नासलीत. शेवटी तडजोड होते: मुलाला एक कोपरा मिळतो, आणि त्याने माळ्याच्या खरबुजांना हात लावावयाचा नाही असे ठरते. परस्परांच्या कबुलीतून नियम कसा जन्मतो याचे हे चित्र पुढच्या संशोधकांना किती उपयोगी पडणार होते, याची कल्पना 1762 साली जिनीव्हाच्या कारभाऱ्यांना असण्याचे कारण नव्हते. जूनच्या 19 तारखेस, ग्रंथकाराची पन्नाशी पुरी व्हावयास अवघे नऊ दिवस उरले असता, त्यांनी ‘एमिल’ आणि ‘सामाजिक करार’ हे दोन्ही ग्रंथ नगरभवनासमोर जाहीरपणे जाळविले, आणि ग्रंथकार हद्दीत आल्यास त्यास अटक करावी, असे फर्मान काढले.

मधल्या दीडशे वर्षांत शहर बदलले, आणि जाळलेल्या ग्रंथाचा कर्ता त्याचा अभिमानविषय झाला. रूसोच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या 1912 साली एदुआर क्लापारेद या वैद्यक शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाने शिक्षकांच्या शिक्षणासाठी एक संस्था काढली आणि तिला झाँ-झाक रूसोचे नाव दिले. तिचे पहिले बिऱ्हाड सेंट पिएरच्या सावलीत, ताकोनरी चौकात होते. कॅल्व्हिनचे व्याख्यानगृहही त्याच चौकात उभे आहे. संस्थेने जे लॅटिन ब्रीदवाक्य घेतले त्याचा अर्थ असा की, गुरूने बालकापासून शिकावे. पुढल्याच वर्षी मीना ओदमार आणि लुईज लाफांदेल या दोन शिक्षिकांच्या हाताखाली ‘मेझाँ दे पेती’ म्हणजे लहानग्यांचे घर ही बालशाळा संस्थेला जोडली गेली, आणि ब्रीदवाक्याचा अंमल करावयास प्रत्यक्ष बालके मिळाली. संचालक पिएर बोव्हे यांनी याच सुमारास एक मार्मिक विचार मांडला होता: कर्तव्याची जाणीव मुलाच्या मनात आपोआप उगवत नाही आणि निव्वळ हुकुमानेही येत नाही. ज्याच्याविषयी प्रेम आणि भीती या दोहोंचे मिश्रण असलेला आदर मुलाला वाटतो, त्याने आज्ञा दिली, तरच ती आज्ञा त्याच्या अंतःकरणाला बांधते.

1921 साली क्लापारेदच्या बोलावण्यावरून या संस्थेत दाखल झालेला झाँ पियाजे हा न्यूशातेलचा तरुण तेव्हा पंचविशीत होता. प्राण्यांचे निरीक्षण हे त्याचे बाळपणापासूनचे वेड. अकराव्या वर्षाच्या आसपास त्याने एका पांढऱ्या चिमणीविषयी छोटेसे टिपण छापून आणले होते, आणि डॉक्टरची पदवी त्याला गोगलगायींच्या वर्गातील मृदुकाय प्राण्यांवरील प्रबंधासाठी मिळाली होती. त्यानंतर पॅरिसमध्ये शाळकरी मुलांना तर्काचे प्रश्न घालून त्यांचे गुण ठरविण्याचे रूक्ष काम त्याच्याकडे आले. तेथे त्याच्या ध्यानात आले की, बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरेच अधिक बोलकी असतात. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, आणि त्या चुकण्याला स्वतःचा असा एक सुसंगत विचार असतो. परीक्षक ज्या उत्तरावर फुली मारून पुढे जातो त्या उत्तरापाशी हा मनुष्य थांबला. त्याच्या सगळ्या कर्तृत्वाचे बीज मला या थांबण्यात दिसते.

मुलांच्या नीतिविचाराचा अभ्यास करावयाचा तर प्रारंभ कोठून करावा? खरे बोलावे, चोरी करू नये, हे नियम मुलाला वडीलधाऱ्यांकडून मिळतात, आणि त्याविषयी विचारू गेल्यास तो वडीलधाऱ्यांचेच शब्द परत करण्याचा संभव असतो. म्हणजे पुन्हा कॅल्व्हिनची पोथी. पियाजेने अशा नियमांचा शोध केला जे मुलांनीच मुलांना शिकविलेले असतात, आणि ते त्याला गोट्यांच्या खेळात सापडले. न्यूशातेल आणि जिनीव्हाची मुले बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास गोट्या सोडून देत, म्हणून अकरा-बारा वर्षांचा मुलगा या राज्यातला सर्वांत वडील नागरिक असे. त्याच्यावर कोणी पंतोजी नसे. पियाजे मुलासमोर गोट्या आणि खडू ठेवी आणि म्हणे, लहानपणी मी हा खेळ खेळत असे, पण आता विसरलो आहे, मला शिकव. मोठ्या माणसाने शिष्य व्हावयाचे आणि मुलाने गुरू, अशी ही योजना होती.

खेळ दिसावयास साधा होता. जमिनीवर एक चौकोन आखावयाचा, त्यात प्रत्येकाने आपल्या गोट्या मांडावयाच्या, आणि दुरून गोटी मारून त्या चौकोनाबाहेर काढावयाच्या. बाहेर निघाली ती मारणाऱ्याची. मारलेली गोटी स्वतःच चौकोनात अडकून राहिली तर तो गडी ‘शिजला’ असे ही मुले म्हणत. परंतु या साध्या डावाभोवती केवढे कायदेशास्त्र उभे होते! मोहल्ल्यामोहल्ल्यागणिक पाठभेद होते. ठरावीक शब्द आधी उच्चारणाऱ्याला फेक पुन्हा घेण्याची किंवा जागा बदलण्याची सवलत मिळे. आणि प्रतिपक्षाने त्या शब्दाला मनाईचा उपसर्ग लावून तो त्याच्या आधी उच्चारला की ती सवलत रद्द होई. अशा पोटनियमांचा निवाडा बारा वर्षांची मुले ज्या बारकाईने करीत, ती पाहून पियाजे थक्क झाला. आणि गल खणून गोट्या खेळलेल्या आपल्याकडील कोणालाही त्याचे नवल वाटू नये. धाकट्या भावंडाला खेळात घ्यावे, पण त्याला कच्चा लिंबू ठरवून त्याच्यावर राज्य येऊ देऊ नये. रडीचा डाव खेळणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी भिडू म्हणून मागू नये. या तरतुदी कोणत्याही आईबापांनी मुलांना घालून दिलेल्या नाहीत. दुर्बलाला सवलत, अप्रामाणिकाला बहिष्कार, असा हा एक पुरता न्यायव्यवहार असून तो मुलांच्या मुखपरंपरेने चालत आलेला आहे.

पियाजेने प्रत्येक मुलाला तीन गोष्टी विचारल्या: हे नियम आले कोठून, पूर्वीपासून असेच होते काय, आणि ते बदलता येतील काय. पाच-सहा वर्षांच्या मुलांची उत्तरे अद्‌भुत होती. एक म्हणाला, खेळ मला भावाने शिकविला, भावाला बाबांनी, आणि बाबांना कोणी शिकविले नाही, त्यांना येतच होते. न्यूशातेल शहर वसत होते तेव्हाही मुले असाच डाव खेळत असत, याविषयी त्याला तीळमात्र शंका नव्हती. सात वर्षांचा दुसरा एक मुलगा तर नोआच्या नौकेच्या आधीच्या काळापर्यंत गेला, आणि नियम घालून देणारे म्हणून आणखी एकाने नगरपालिकेच्या सभ्य गृहस्थांकडे बोट दाखविले. या वयाच्या मुलाला नवा नियम सुचवावयास लावून, सगळ्यांना तो मान्य असेल तर चालेल ना, असे विचारले तरी तो डोके हलवी. ती लबाडीच होईल. नियम त्याच्या लेखी पवित्र आणि अचल होता. आणि तरीही, याच मुलांना प्रत्यक्ष खेळताना पाहिले, तर प्रत्येक जण आपल्यापुरते खेळे, मनास येईल तसे नियम वाकवी, दोघेही एकाच वेळी जिंके, आणि यात काही गैर घडते आहे अशी कोणाला जाणीवही नसे.

बारा वर्षांची मुले याच्या अगदी उलट. नियम मुलांनीच कधी तरी केले असतील, पूर्वी ते निराळे असतील, सर्वांनी कबूल केले तर उद्या बदलताही येतील, असे ती सहज सांगत. आणि तीच मुले नियम काटेकोरपणे पाळीत. नियम देवाने किंवा बापाने केला असे मानणारा मुलगा तो पाळीत नाही, आणि नियम आपणच केला असे जाणणारा मुलगा तो मोडीत नाही: 1932 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुलाचा नैतिक निर्णय’ या ग्रंथातील सर्वांत मोलाचा शोध माझ्या मते हाच आहे. शिस्तीविषयी तळमळीने बोलणाऱ्या आपल्याकडील पालकांनी आणि शाळाचालकांनी तो पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा आहे.

गोट्यांवरून पियाजे आणि त्याचे सहकारी खऱ्या अपराधांकडे वळले. त्या सहकाऱ्यांत मार्क लांबेर्सिए नावाचे एक गृहस्थ होते आणि बोसेच्या पाद्र्याचे आडनावही तेच होते, एवढे जाता जाता नमूद करून ठेवतो. त्यांनी मुलांना गोष्टींच्या जोड्या सांगितल्या. एका मुलाला जेवावयास हाक आली, तो दार उघडून आत जाऊ लागला, दारामागे खुर्चीवर पेल्यांचे तबक आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि पंधराही पेले फुटले. दुसरा मुलगा आई बाहेर गेल्याचे पाहून फडताळातला मुरंबा चोरावयास खुर्चीवर चढला आणि त्याच्या हाताने एक पेला पडला. अधिक दोषी कोण? लहान मुले पंधरा पेले फोडणाऱ्याला दोषी ठरवीत, कारण पंधरा. मोठी मुले दुसऱ्याला, कारण त्याचा हेतू वाईट. नुकसानीवरून दोष ठरविणाऱ्यांचे सरासरी वय सात भरले आणि हेतूवरून ठरविणाऱ्यांचे नऊ. असत्याविषयीही हाच प्रकार आढळला. भ्यालेला मुलगा घरी येऊन गाईएवढा कुत्रा पाहिल्याचे सांगतो, आणि दुसरा मुलगा गुरुजींनी चांगले गुण दिल्याची थाप मारतो. यांत कुत्र्याची थाप लहानग्यांना अधिक मोठे पाप वाटली, कारण एवढा कुत्रा जगात असतच नाही.

तिसरी गोष्ट सफरचंदे चोरणाऱ्या मुलाची. तो पकडला जात नाही, पण परतताना ओढ्यावरची कुजकी फळी मोडते आणि तो पाण्यात पडतो. चोरी केली नसती तरी तो पडला असता काय, असे विचारले असता सहा वर्षांच्या मुलांपैकी 86 टक्क्यांनी नाही म्हणून सांगितले; सात-आठ वर्षांत हे प्रमाण 73, नऊ-दहात 54 आणि अकरा-बारात 34 टक्क्यांवर आले. फळीला चोरी कळते, जग स्वतःच शिक्षा करते, ही श्रद्धा मुलाच्या मनातून हळूहळू का ओसरते, याचे पियाजेने दिलेले कारण हृदयस्पर्शी आहे. थोरांचा न्याय चुकतो, निरपराधाला शिक्षा होते आणि अपराधी सुटतो, असा अनुभव घरी आणि शाळेत मुलाला येत जातो; आणि ज्याचा माणसांच्या न्यायावरील आंधळा विश्वास उडाला, त्याचा वस्तूंच्या न्यायावरचाही उडतो. मोडक्या फणीचा खटला येथे अगणित अनामिक मुलांच्या जबानीतून पुन्हा उभा राहतो.

या सर्वांतून पियाजेने जो सिद्धांत बांधला त्यात त्याचा प्रतिपक्षी पॅरिसचा थोर समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरखेम होता. समाजाचा अधिकार गुरूच्या मुखाने बोलतो आणि शिस्त हा नीतीचा पहिला घटक होय, असे द्यूरखेमचे प्रतिपादन होते. पियाजेने बोव्हेचा आदराचा विचार स्वीकारून त्याचे दोन भाग केले. लहानाला थोराविषयी वाटणारा आदर एकतर्फी असतो. त्यातून आज्ञाधारकपणा निपजतो, पण न्यायबुद्धी निपजत नाही. बरोबरीच्या मुलांना एकमेकांविषयी वाटणारा आदर परस्परांचा असतो; तंटे करता करता, अटी घालता घालता, दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावयास तोच शिकवितो. प्रत्येक विद्यार्थ्याला एकटा बसवून शेजाऱ्याला मदत करणे हा गुन्हा ठरविणाऱ्या शाळेवर ग्रंथाच्या उत्तरार्धात त्याने टीका केली, ती याच आधारावर, आणि ती आजही मला पूर्णपणे योग्य वाटते.

पुढे पियाजेने संख्या, अवकाश आणि तर्क यांच्या अभ्यासाकडे मोहरा वळविला, आणि नीतीचा विषय इतरांच्या हाती गेला. अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्गने 1958 साली शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलग्यांपुढे नैतिक पेच ठेवून नीतिविचाराच्या पायऱ्यांची मांडणी पौगंडावस्थेपर्यंत नेली. त्याच्या मूळ अभ्यासात मुली नव्हत्या. पियाजेनेही मुलींचे लपाछपीसारखे खेळ थोडक्यात पाहून, त्यांना मुलग्यांइतकी कायद्याची आवड नाही, असा निष्कर्ष घाईने काढला होता. या उणिवेवर कॅरोल गिलिगन यांनी 1982 साली बोट ठेवले आणि जिव्हाळा व जबाबदारी यांच्या भाषेत बोलणारा नीतिविचार न्यायाच्या भाषेत बोलणाऱ्यापेक्षा हलका का मानावा, असा रोखठोक सवाल केला.

आपल्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा आक्षेप 1987 साली ओडिशातून आला. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर येथील ब्राह्मण कुटुंबांतील मुलांना आणि शिकागोतील मुलांना वर्तनाची तीच तीच उदाहरणे सांगून मते विचारली. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या मुलांच्या लेखी अत्यंत गंभीर पातक ठरले. सर्वांनी मिळून ठरविले तर हा नियम बदलता येईल काय, याचे उत्तर तेथे वय वाढले म्हणून ‘होय’ झाले नाही; मोठी माणसेही ‘नाही’च म्हणत होती. जिनीव्हाच्या मापाने मोजावयाचे तर ही सर्व माणसे नोआच्या नौकेची साक्ष काढणाऱ्या सात वर्षांच्या मुलापाशीच थांबली, असे म्हणावे लागेल. हे मला मान्य नाही, आणि ज्याने घरात सुतकाचे दिवस पाळले आहेत अशा कोणत्याही मराठी माणसाला ते मान्य होईल असे वाटत नाही. न्यूशातेलचा तो मुलगा नियमाचे कारण सांगू शकत नव्हता. बाबांना येतच होते, एवढ्यावर त्याचे बोलणे संपत होते. भुवनेश्वरच्या लोकांपाशी कारण होते: मुलाच्या अशा वागण्याने मृत पित्याच्या आत्म्याला सद्‌गती मिळत नाही, म्हणजे ज्याच्यापाशी आता स्वतःची फिर्याद मांडावयास वाचा उरलेली नाही अशा माणसाला इजा होते. पंधरा पेल्यांच्या गोष्टीत हेतू पाहणारा नऊ वर्षांचा मुलगा आणि गेलेल्या बापाचे हित पाहणारा हा मुलगा, या दोघांत पुढचा कोण आणि मागचा कोण हे ठरविणारी एकच शिडी जिनीव्हाने आखून दिलेली नाही. मात्र दोघांनाही ‘का’ म्हणून विचारावे आणि उत्तर पुरते होईतो मध्ये बोलू नये, ही रीत जिनीव्हाने घालून दिली, आणि ओडिशातील त्या घरांत संशोधकांनी तीच पाळली होती.